गॅलरीतल्या रुचिताचा सत्कार (संयोजक: मी)

रविवार, ५ ऑक्टोबर

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. म्हणाले, अमोलिक, एक नाजूक काम आहे. नाजूक कामं माझ्याकडेच येतात.

काम असं. आपल्या मंडळीचं पत्रक काढणारी, गीतांच्या स्लाईड्स लावणारी, व्हॉट्सॲपवर सूचना टाकणारी आणि दर रविवारी वर गॅलरीत लॅपटॉपपाशी बसून उपासना यूट्यूबवर दाखवणारी रुचिता थकली आहे. पगार अर्धवेळ, काम पूर्णवेळ, आणि सगळं एकटीवर. सोडायचं म्हणतेय. ती गेली तर उपासना किती वाजता आहे हेसुद्धा कोणाला कळणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, जाऊन तिला नीट धन्यवाद म्हणा आणि काय हवंय ते विचारा. एवढंच.

एवढंच! पाळकसाहेब देवमाणूस आहेत, पण प्रशासन त्यांना कळत नाही. इथे दिल्लीत मंत्रालयात आमच्या सेक्शनचे सगळे निरोपसमारंभ मी करतो. गेल्या मार्चमध्ये एका डेप्युटी सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना धुळीची ॲलर्जी आहे असं काही लोक म्हणतात. लोक काय, म्हणतातच.

रुचिता थांबेल. मी माणसं ओळखतो.

संकल्प: आजपासून रोज एका तरी माणसाचं मनापासून कौतुक करायचं. सराव हवा.

सोमवार, ६ ऑक्टोबर

घरापासून, म्हणजे बायकोपासून सुरुवात. कुमुदला म्हटलं, भेंडी झकास झालीय. म्हणाली, हे परवल आहे, आणि काय हवंय ते सरळ सांगा.

ऑफिसात लिफ्टमनला म्हटलं, लिफ्ट फार छान चालवता. तो म्हणाला की लिफ्ट ऑटोमॅटिक आहे, मी नुसता बसलोय.

निष्कर्ष: कौतुकाला प्रसंग लागतो. येता-जाता केलेलं कौतुक वाया जातं. संकल्प तूर्त स्थगित.

बुधवार, ८ ऑक्टोबर

अर्धी रजा टाकून पहाडगंजला गेलो, चर्चच्या ऑफिसात. रुचिता जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होती. उठली, खुर्ची पुसून दिली, जय ख्रिस्त काका म्हणाली. चांगली मुलगी. मी तिथेच धन्यवाद म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर होता. पण खोलीत प्रिंटरची शाई सांडलेली, कागदांचे कपटे, दाराशी झाडू. अशा ठिकाणी धन्यवाद शोभत नाही.

काय हवंय ते मात्र विचारलं. तिचं म्हणणं थोडक्यात: महिन्यातून एक रविवार कोणीतरी लॅपटॉपवर बसावं. दोन शनिवारांत शिकवते, कठीण नाही. तिला खाली आईशेजारी बसून उपासना करायची आहे. काम घेतल्यापासून कधी बसली नाही म्हणे. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरससुद्धा पाळकसाहेब सगळ्यांचं झाल्यावर वर जाऊन देतात.

मी म्हटलं, नोंद घेतली. मागणी तत्त्वतः मान्य होण्यासारखी आहे. पण आधी मान, मग बाकीचं. माणसाला मुळात मान हवा असतो.

निघताना तिला 'कृतज्ञता उपसमिती'च्या मीटिंगची नोटीस करायला सांगितली. मी उभा असतानाच करून दिली. फाँट जरा मोठा करून घेतला.

रविवार, १२ ऑक्टोबर

उपसमितीची पहिली बैठक. मी, पाळकसाहेब, आणि मंडळीच्या पंचांतर्फे तात्यासाहेब. तात्यासाहेब फौजेतले रिटायर्ड सुभेदार. बोलतात तेव्हा सगळ्या चर्चला ऐकू जातं.

ठराव एक. सत्कार 'हंगामाच्या सणा'ला करायचा, १६ नोव्हेंबरला. सगळी मंडळी हजर असते. ठराव दोन. शाल द्यायची. नारळ द्यायचा की नाही यावर बराच वेळ गेला. तात्यासाहेबांचं म्हणणं, त्यांच्या गावच्या मंडळीत कायम देतात. मी म्हटलं, विषय अभ्यासासाठी ठेवू. ठराव तीन. सगळं सरप्राइज. रुचिताला वाराही लागू द्यायचा नाही.

पाळकसाहेब मध्येच म्हणाले, तिचं ते एक रविवारचं काय? मी सांगितलं, अजेंड्यावर नाही.

हे सगळं आम्ही गॅलरीच्या बरोबर खाली बसून बोललो. वर रुचिता वायरी गुंडाळत होती. पण कामात असल्यामुळे तिचं लक्ष नसावं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बॅनरचा प्रश्न. देविकाला सांगितलं. पोरगी दिल्लीत वाढलेली. म्हणाली, पापा, 'सत्कार' मतलब? रिस्पेक्ट ना? मग तिने फोनवर काहीतरी केलं, त्यात फुगे होते आणि आइस्क्रीम होतं.

शेवटी रुचितालाच फोन केला. पण हुशारीने. म्हटलं, सत्काराचा एक बॅनर हवाय, नावाची जागा कोरी ठेव. तिने विचारलं, नाव लांब आहे की छोटं, त्याप्रमाणे जागा सोडते. मी म्हटलं, समज, तुझ्या नावाएवढं. मग म्हणाली, बरं काका.

काडीचा संशय आला नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

आईचा नगरहून फोन. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती घरातून बाहेर पडत नाही. दर रविवारी शेजारची मुलगी फोन उशीला टेकवून देते आणि आई आमची उपासना बघते. म्हणाली, आज तू गाताना दिसलास, बारीक झालायस. मला आश्चर्य वाटतं, एवढ्या गर्दीत कॅमेरा दर रविवारी नेमका माझ्यावर एकदा तरी येतोच. माझ्या चेहऱ्यात काहीतरी असणार.

आई असंही म्हणाली की ती पोर शनिवारी फोन करते, तिच्याशी बोललं की बरं वाटतं. कुठली पोर? आईचं वय झालंय. कंपनीचे फोन येतात, ही त्यांच्याशी गप्पा मारते.

काल संध्याकाळी लॅपटॉप शिकवायचा पहिला वर्ग रुचिताने ठेवला होता. तिने ग्रुपवर टाकलं होतं म्हणे. मला जाता आलं नाही, करोल बागेत तिच्यासाठीच शाल बघत होतो. कोणीच गेलं नाही असं कळलं. मंडळीत जबाबदारीची जाणीव उरलेली नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

शाल मिळाली. मरून. कुमुद म्हणाली, तिला निळा आवडतो. हिला कसं माहीत? म्हणाली, विचारलं.

सरप्राइजमध्ये विचारायचं नसतं हे बायकांना कधी कळणार.

शनिवार, २५ ऑक्टोबर

भाषण लिहायला बसलो. रुचिताबद्दल बोलायचं तर पत्रकाबद्दल बोललं पाहिजे, पत्रकाबद्दल बोलायचं तर मंडळीबद्दल, आणि मंडळीबद्दल तर स्थापनेपासून. तीन पानं झाली, अजून चर्चची जागा मिळालेली नाही.

या नादात लॅपटॉपचा दुसरा वर्गही राहिला. तिच्याच कामात होतो, त्यामुळे वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. थोडं वाटलं.

रविवार, २ नोव्हेंबर

रुचिता उपासनेनंतर गॅलरीच्या जिन्यात भेटली. शांतपणे म्हणाली, काका, ३० तारखेपासून, म्हणजे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून, मी वर बसणार नाही. पाळकसाहेबांना लेखी दिलंय. मंडळी सोडत नाहीये, फक्त काम सोडतेय. नोएडात नोकरी लागली आहे, रविवार मोकळा मिळेल. तोवर कोणी शिकायला आलं तर शिकवीन.

मी ऐकून घेतलं. मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण मनात म्हटलं, थांब, १६ तारीख आहे ना. आता बोललो तर समारंभातली हवाच जाईल. म्हणून फक्त म्हटलं, बघू, देव मार्ग दाखवील, आणि हो, समारंभाची सूचना ग्रुपवर टाकशील का, उद्यापासून रोज एकदा.

टाकते म्हणाली.

कुमुदला सांगितलं तर तिचा कणीक मळणारा हात थांबला. मग म्हणाली, तुम्ही तिच्याकडून तिच्याच सत्काराची जाहिरात करवताय? मी समजावलं, दुसरं कोणाला येतच नाही. तिने हातातली कणीक पुन्हा जोरात मळायला घेतली.

मला खात्री आहे, हे नोकरीचं वगैरे रागात आहे. एक शाल खांद्यावर पडली की विरघळेल. डेप्युटी सेक्रेटरी विरघळले होते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हवा अतिशय खराब. डोळे चुरचुरतात. ऑफिसने निम्म्या लोकांना घरून काम दिलंय. या वेळात समारंभाची फिल्म करायचं ठरवलं: 'रुचिता, एक प्रवास'. तिला फोन करून सांगितलं, मंडळीचे सगळे जुने फोटो पाठव, कशासाठी ते विचारू नको. तिने विचारलं नाही. तासाभरात आले.

दुपारभर बसून बघितले. सहली, नाताळ, बाप्तिस्मे, लग्नं. तात्यासाहेब चाळीस ठिकाणी. मी भाषण करताना, मी जेवताना, मी डुलकी घेताना (तो काढून टाकला). सगळ्या मंडळीचं आयुष्य तिथे होतं. रुचिता एकाही फोटोत नाही. ती कुठे गेली होती, असं क्षणभर मनात आलं, आणि मग लक्षात आलं.

एका फोटोत काचेच्या दारात मोबाइल धरलेल्या मुलीची अंधुक सावली आहे. तेवढी मोठी करून घ्यायचा प्रयत्न केला. नुसता ठिपका दिसतो.

छातीत कसंतरी झालं. मग वाटलं, प्रदूषण असेल.

फिल्म रद्द. वेळही नव्हता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

उद्या. भाषण अकरा पानं. आज आरशासमोर म्हटलं. सातव्या पानावर मीच भारावलो. धन्यवाद शेवटच्या पानावर ठेवलाय, तिथपर्यंत वातावरण तयार होईल. क्रम ठरला: आधी भाषण, मग शाल. मोठ्या कार्यक्रमांत असंच असतं.

नारळाचा अभ्यास पूर्ण झाला नाही. नारळ नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी माझ्यावर ढकलायला नको.

हंगामाच्या सणाला मंडळी शेतातलं पहिलं पीक अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दिल्लीत शेत कोणाचं? सगळे कोपऱ्यावरच्या भाजीच्या बूथवरून आणतात. तरी वेदीपुढचं टेबल भरून जातं. भोपळा, मुळे, फ्लॉवर, केक, एक बरणी लोणचं. लिलाव तात्यासाहेब पुकारतात आणि रुचिता वरून पडद्यावर त्या त्या वस्तूचा फोटो लावते.

मी दुपारी वेळेआधी पोचलो. शाल चांगल्या कागदात गुंडाळलेली. कुठे ठेवू? हाताला घाम आला होता, म्हणून दोन मिनिटं त्याच टेबलावर ठेवली. अगदी दोन मिनिटं. मग दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला गेलो.

उपासना छान झाली. लिलाव सुरू झाला. भोपळा गेला, लोणचं गेलं. मग तात्यासाहेबांनी कागद फाडला आणि गर्जना केली, ही घ्या, एकदम नवी शाल, देणाऱ्याचं भलं होवो, दिल्लीची थंडी दाराशी आलीय! मी उभा राहिलो. ओरडलो, थांबा. लोकांना वाटलं, मी बोली लावतोय. टाळ्या वाजल्या. कोणीतरी त्यावर चढी बोली लावली. मी हात हलवले, तात्यासाहेबांनी तीही बोली धरली. बरेच लोक इरेला पेटले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका बाईंनी शाल घेतली. रुचिताची आई. पर्समधून मोजून पैसे दिले आणि शेजारणीला म्हणाल्या, पोरीला वर गॅलरीत फार गार लागतं.

तात्यासाहेबांना कानात सांगितलं, ती सत्काराची शाल होती, परत घ्या. त्यांनी मला वर गॅलरीतही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की देवाला दिलेलं परत घ्यायचं नसतं.

ठीक. मी माइक घेतला. शालीशिवायही शब्द असतात. जाहीर केलं की आज आपण एका व्यक्तीचा सत्कार करणार आहोत. सगळे वर बघायला लागले. म्हणजे बातमी फुटली होती, कशी कोण जाणे. बॅनरवर नावाची जागा अजून कोरीच होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रुचिताला खाली बोलावलं. ती वरून म्हणाली, काका, मी उठले तर पडदा आणि यूट्यूब जिथे आहे तिथेच थांबेल. मी म्हटलं, थांबू दे. ती आली. पडद्यावर शेवटच्या वस्तूचा फोटो राहिला होता. फ्लॉवर. समोर बसायला खुर्चीसुद्धा ठेवलेली नव्हती, ती पायरीवर उभी राहिली, हात पुढे धरून. मी भाषण सुरू केलं.

सहाव्या पानावर दारं उघडली. सहा वाजता याच इमारतीत तमिळ मंडळीची उपासना असते. ते लोक सभ्य, पण घड्याळ बघत होते. मी पानं भराभर उलटायला लागलो, त्यात सात ते नऊ चिकटली. पाळकसाहेब उठले आणि त्यांनी आशीर्वादवचन दिलं. सगळे आमेन म्हणून उठले. मीही म्हणालो. दुसरं काय करणार होतो?

रुचिता वर गेली. मी खालून बघितलं. ती वायरी गुंडाळत होती आणि तिची आई तिच्या खांद्यांवर ती मरून शाल घालत होती. दोघी कशावर तरी हसल्या.

कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

आईचा फोन. म्हणाली, तू बोलायला उभा राहिलास आणि फ्लॉवर आला. नुसता फ्लॉवर. मी आपली फ्लॉवरकडे बघून तुझं ऐकत होते. पुढे काय झालं, पोरीला काय दिलंस?

म्हटलं, रेंज नाही आई, नंतर बोलतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रुचिताने ग्रुपवर समारंभाचं वृत्त टाकलं. चार ओळी. 'श्री. अमोलिक यांनी मंडळीच्या इतिहासाचा आढावा घेतला.' खाली फोटो. फोटो तात्यासाहेबांनी काढलेला. त्यात मी आहे, फ्लॉवर आहे आणि तात्यासाहेबांचा अंगठा आहे. रुचिता अंगठ्यामागे असावी.

पाळकसाहेबांचा फोन. विचारलं, धन्यवाद म्हटलंत ना शेवटी? मी सांगितलं की प्रक्रिया पूर्ण झाली आहे.

ते म्हणाले, बरं. पाळक 'बरं' म्हणाले की मला लहानपणी वडील 'बरं' म्हणायचे तसं वाटतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

तिचा वरचा शेवटचा रविवार. पंचांनी ठराव केला की पुढच्या रविवारपासून तात्पुरती व्यवस्था अमोलिकांनी बघावी. एकमताने. मी तेव्हा बाहेर गाडी हलवायला गेलो होतो. दिल्लीत पार्किंग हा माणसाच्या मुळावर उठलेला विषय आहे.

रुचिताने उपासनेनंतर मला शिकवायला घेतलं. हे इथून सुरू करायचं, हे बंद करायचं, हा माइक उघडा राहू द्यायचा नाही, आणि तिसऱ्या गीताला कॅमेरा हळूच उजवीकडे फिरवायचा. मी विचारलं, उजवीकडे का? म्हणाली, तिथे तुम्ही बसता ना काका. नगरच्या आजींना बघायचं असतं.

मी लगेच बोलायला तोंड उघडलं. आणि काय बोललो? म्हणालो, त्या दिवशी भाषणाची शेवटची पाच पानं राहिली, खरा मुद्दा त्यातच होता. मग तो सगळा मुद्दा तिला सांगितला, एक शब्द सोडून. ती ऐकत होती. मग म्हणाली, काका, आता बंद कसं करायचं ते बघता का, मला निघायचंय. मी म्हटलं, बंद करणं काय, कोणीही करील.

असं का होतं माझं, कळत नाही. मनात असतं. तोंडात येता येता त्याचं परिपत्रक होतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उद्याची तयारी पूर्ण. म्हणजे मानसिक. मंत्रालयात मी आख्खं ई-ऑफिस शिकलो, त्यापुढे हे काय. देविका म्हणाली, पापा, एक बार जाके प्रॅक्टिस कर लो. आत्मविश्वास ही खरी प्रॅक्टिस.

रविवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळ, सात

आगमनकाळाचा पहिला रविवार. मी वर.

गॅलरीत खरंच गार असतं. हे कोणी कधी बोललं नाही.

पहिलं गीत लावलं, खाली लोक दुसरंच म्हणायला लागले. पत्रकात नंबर वेगळा होता. पत्रक मीच काढलं होतं. स्लाईड पुढे नेली तर संदेशाची आली, मागे नेली तर गेल्या वर्षीच्या नाताळच्या जेवणाचा मेन्यू आला. खाली तात्यासाहेब पडद्यावरचं वाचून मोठ्याने 'चिकन बिर्याणी' म्हणाले. पाळकसाहेब वर बघून हसले, माफ केल्यासारखं. कॅमेरा हळूच फिरवायला गेलो तर त्याची मानच पडली. वर केला तर तो वरच राहिला. त्याला कुठे हात लावायचा ते मला माहीत नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

खाली तिसऱ्या बाकावर रुचिता आईशेजारी बसली होती. मरून शाल. मी हातवारे केले. तिचे डोळे मिटलेले होते. मायलेकी एकाच पुस्तकातून गात होत्या. एकदाही तिने मान मागे वळवली नाही. बरोबर आहे. तरी मला वाटत होतं, एकदा वळवावी.

प्रभुभोजनाला सगळे रांगेने पुढे गेले. मी लॅपटॉप सोडून जाऊ शकत नव्हतो. सगळ्यांचं झाल्यावर पाळकसाहेब जिना चढून वर आले. त्यांना धाप लागली होती. मला द्यायला आले होते. डोळे भरून आले, ॲलर्जी नव्हती.

संपल्यावर कोणी वर आलं नाही. कोणी काही म्हणालं नाही. चहा संपला होता. तमिळ मंडळी आत येत होती, मी लॅपटॉप मिटून निसटलो. असला लॅपटॉप मिटला की सगळं बंद होतंच.

घरी आलो तो आईचा फोन. म्हणाली, आज नुसता पंखा दिसला रे, गोल गोल. पण तुझा आवाज यायचा. माइक उघडा होता म्हणे. प्रार्थनेच्या वेळी सगळे देवाला हाक मारत होते आणि तू आपला, रुचिता, आता काय करू, रुचिता, आता काय करू. शेवटी शेवटी तर भाषाच कळेना, गाणी मात्र छान होती. आईचे कान गेलेत आता. मग म्हणाली, त्या पोरीचा काल फोन आला होता. आजी, पुढच्या शनिवारपासून तुमचा मुलगा फोन करील म्हणाली, उपासना लावायला कुठे बोट लावायचं ते सांगायला. करशील ना रे?

म्हणजे ती पोर ही पोर होती. मी खुर्चीत बसूनच राहिलो.

फोन ठेवला तो रुचिताचा मेसेज आलेला. 'काका, धन्यवाद. आज आईशेजारी बसून सगळी गीतं म्हटली.'

इतकाच. तिला समिती लागली नाही.

मला लाज वाटली. खरी. 'धन्यवाद' हा शब्द माझ्या भाषणात होता, शेवटच्या पानावर, आणि त्याच्या आधी आणि नंतर मी तिच्याशी इतकं बोललो, त्यात तो कुठेच नव्हता. ठरवलं, आत्ताच लिहायचं. लगेच उत्तर लिहायला घेतलं. नुसतं 'धन्यवाद' बरं दिसत नाही, म्हणून आधी मंडळीच्या स्थापनेबद्दल दोन ओळी घातल्या. त्याच्या दहा झाल्या. कुमुद खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, सगळं पुसा, एक शब्द ठेवा आणि पाठवा. मी पुसलं. खरंच पुसलं. 'ध' लिहिला.

तेवढ्यात तिचाच दुसरा मेसेज आला. 'काका, यूट्यूब बंद झालेलं नाही, हा लॅपटॉप मिटला तरी चालूच राहतो. आपल्या चॅनलवर तमिळ उपासना चालू आहे, पंखा दिसतोय. मी जवळच राहते, जाऊन बंद करून येऊ का?'

घाईत 'ध' पुसला आणि लिहिलं, 'हो. लवकर.'

ते मात्र पहिल्या झटक्यात गेलं.